काटकसरीचा भार कोणावर?

काटकसर आणि कृपणता या दोन शब्दांतील भेद आमच्या घरांतून पुष्कळ वेळां सांगितला जातो. परंतु तो ओळखावयाचा कसा, हें मात्र क्वचितच कोणी सांगतें. आपण दोन पैसे वांचविले तर ती काटकसर आणि शेजाऱ्यानें वांचविले तर ती कृपणता, एवढाच भेद व्यवहारांत बहुधा दिसून येतो. आमच्या मतें या दोहोंची परीक्षा महिनाअखेर शिल्लक किती राहिली यावरून करूं नये; ती शिल्लक कोणाच्या ताटांतून आली, हें पाहून करावी. एकत्र कुटुंबांत तर हा प्रश्न विशेषच अगत्याचा आहे. तेथें कमाई एकदोघांची असते, खर्च सर्वांचा असतो आणि काटकसर मात्र स्वयंपाकघरांत दिवसभर उभ्या असणाऱ्या दोघीतिघींनाच करावी लागते.

प्रथम या काटकसरीचें कौतुकच करूं, कारण तें करण्याजोगें आहे. दुधाचेंच उदाहरण घ्या. गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा चारच्या आसपास, तर म्हशीच्या दुधांत सहासातपर्यंत असतो. म्हणून सायीसाठीं आमच्या घरांतून म्हशीचें दूध पसंत करतात. तापवून निवलेल्या दुधावरची साय रोज अलगद काढून निराळ्या भांड्यांत सांठवितात. चारपांच दिवसांची साय जमली कीं तिला विरजण लागतें, आणि दुसरे दिवशीं रवी फिरूं लागते. उन्हाळा असेल तर घुसळतांना गार पाणी घालावयाचें, थंडी असेल तर कोमट. लोणी फार ऊन झालें तर पातळ राहतें आणि फार गारठलें तर एकत्र येत नाहीं, हें शास्त्र कोणत्याहि पुस्तकावांचून घरोघरीं शिकविलें गेलें आहे. लोणी दोनतीन पाण्यांनीं धुवून कढवावयास ठेवलें, कीं खरी परीक्षा सुरू होते. तूप झालें हें डोळ्यांपेक्षां कानांस अगोदर कळतें. लोण्यांत राहिलेलें पाणी उडून जाईपर्यंत कढईंत तडतड चालूं असते; ती थांबली म्हणजे पाणी संपलें. याच कारणानें चांगलें कढविलेलें तूप बर्फावांचून महिनेच्या महिने टिकतें. तडतड थांबल्यावर क्षणभर उशीर झाला तर तूप करपतें, क्षणभर घाई झाली तर तें कच्चें राहून वास मारूं लागतें.

एवढ्यानें दुधाची कथा संपत नाहीं. लोणी निघाल्यावर उरलेल्या ताकाची कढी होते. ताक फार आंबट झालें तर तांदळाच्या पिठाची उकड होते. तूप गाळल्यावर कढईच्या तळाशीं खरपूस बेरी राहते. तिच्यांत गूळ किंवा साखर घालून पोरें ती चाटूनपुसून खातात. कढईस लागलेलें तूप वायां जाऊं नये म्हणून तिच्यांतच कणीक मळली जाते. दूध नासलें तरी फेंकीत नाहींत. त्याचा चोथा साखर घालून आटवितात आणि निवळीनें पीठ भिजवितात. एका भांडें दुधांतून इतके जिन्नस काढणारी विद्या ज्या हातांत आहे, त्या हातांस आम्ही अशिक्षित म्हणत आलों, याचें नवल वाटतें.

दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी, आंब्याच्या कोयी व सालीं धुवून त्या पाण्याचें केलेलें सार, शिळ्या पोळीचा कुस्करा, हे सर्व प्रकार वाचकभगिनींस ठाऊकच आहेत. कुस्करा खातां यावा म्हणून रात्रीं मुद्दाम चार पोळ्या जास्त करणारीं घरेंहि आम्हांस माहीत आहेत. तेथें काटकसर संपून चैन सुरू झाली असें म्हणावें लागेल. पण तसल्या चैनीस आमची हरकत नाहीं. कापडाचेंहि तसेंच. जुनें लुगडें मऊ होऊन बाळाचें दुपटें होई, मग गोधडींत जाई. धोतराचा पंचा होई आणि पंचाचें फडकें.

आतां जमाखर्चाची वही उघडून पाहूं. दुधाचे रुपये नांवेंच्या बाजूस लिहिलेले सांपडतील. परंतु त्याच दुधांतून निघालेलें तूप, दहीं, ताक जमेच्या बाजूस कोठेंहि सांपडणार नाहीं. विकत आणलें नाहीं तें लिहावयाचें कशाला, असा वहीचा न्याय आहे. रवी फिरविणाऱ्या हातांचा तासभर वेळ तर कोणत्याच बाजूस नाहीं. मग वर्षअखेर जी शिल्लक दिसते ती पगाराची पुण्याई वाटते, आणि पगार आणणाऱ्याच्या मनांत आपण हें घर चालवितों ही समजूत दृढ होते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर लोकांच्या वेळाची पाहणी केली, तींत या न लिहिलेल्या जमेचा थोडासा अंदाज लागला. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे पांच तासांस एकच मिनिट कमी, इतका वेळ त्यांत जातो. घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटें. असे हात लावणारे पुरुष तरी किती? सहा वर्षांवरील शंभरांत सव्वीस. आमच्या वाचकांपैकीं जे त्या सव्वीसांत मोडत असतील, त्यांनीं हा परिच्छेद मोठ्यानें वाचून दाखविण्यास हरकत नाहीं.

वेळाची गोष्ट एकवेळ सोडून देऊं. अन्नाची सोडतां येत नाहीं. आमच्या घरांतून जेवणाचा जो क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला, त्यांत प्रथम पुरुषांची व मुलांची पंगत, मग सासूबाईंसारख्या वडीलधाऱ्या बायकांची, आणि सर्वांचें झाल्यावर सुनांची. ज्या दिवशीं भाजी पुरेशी असेल त्या दिवशीं या क्रमानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु अवचित पाहुणा आला, वरण कमी पडलें, दूध थोडें आलें, म्हणजे जी तूट येई ती नेमकी पंगतीच्या शेवटीं येऊन पोंचे. तेथें बसलेली बाई लोणच्याच्या फोडीवर भात उरकी आणि विचारलें तर "मला भूकच नव्हती" असें सांगे. सकाळचा शिळा भातहि तिच्याच वांट्यास येई. (आजहि तो तसा येत असेल तर एवढें लक्षांत असावें, कीं उन्हाळ्यांत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातांत जे जंतु वाढतात त्यांचें विष फोडणीच्या आंचेनें नाहींसें होत नाहीं, उरलेला भात निवतांच थंड जागीं ठेवावा, नाहींपेक्षां टाकावा. असा भात खाऊन सून आजारी पडली तर ती काटकसर डॉक्टरच्या बिलांत परत जाते.)

विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं आमच्या घरांना कृतज्ञता माहीत नव्हती असें मुळींच नाहीं. जेवावयास बसण्यापूर्वीं देवास नैवेद्य होई. गाईचा घास निराळा निघे. कावळ्यासाठीं भात ठेवला जाई. पानाभोंवतीं चित्राहुती घातल्या जात. जेवण आटोपल्यावर अन्नदाता सुखी भव असा आशीर्वाद तृप्तीनें दिला जाई. देव, गाय, कावळा, अन्नदाता सर्वांची आठवण होती. चुलीपाशीं धुरांत बसून पोळ्या लाटणारीची मात्र या यादींत कोठेंच जागा नव्हती. अन्नदाता या शब्दानें कोणाचा बोध होतो, असें त्या काळच्या एखाद्या गृहस्थास विचारलें असतें, तर त्यानें स्वतःच्या पगाराकडे बोट दाखविलें असतें.

लक्ष्मीबाई टिळकांचीं स्मृतिचित्रें ज्यांनीं वाचलीं आहेत (पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला), त्यांस हा प्रकार निराळ्या बाजूनें दिसला असेल. रेव्हरंड टिळक हे मोठ्या मनाचे कवि; पैशाची आसक्ति त्यांना ठाऊकच नव्हती. हातीं आलेला रुपया टिकत नसे, आणि दारीं आलेला मनुष्य विन्मुख जात नसे. त्यांच्या या वैराग्याचें कौतुक सर्वांनीं केलें, आणि तें योग्यच होतें. परंतु घरांत डबे रिकामे असतां त्या वैराग्याचा हिशेब रोज सकाळीं लक्ष्मीबाईंना जुळवावा लागे. ती बाई तें सर्व हंसत हंसत सांगते म्हणून आपणहि हंसतों. पुस्तक मिटल्यावर मात्र उदारपणाहि दुसऱ्याच्या ताटांतून करतां येतो, हा विचार मनांत घोळत राहतो.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां एक विलक्षण गोष्ट घडली. घरांतील माणसें कार्डावर मोजलीं गेलीं. पेन्शनर सासऱ्याचें माप आणि धाकट्या सुनेचें माप दुकानदाराच्या तराजूंत सारखेंच ठरलें! शास्त्रांनीं किंवा रूढीनें जें केलें नव्हतें तें सरकारच्या एका पुठ्ठ्याच्या तुकड्यानें केलें. पण धान्य घरीं आलें कीं एकाच डब्यांत पडे आणि जुना क्रम पुन्हां सुरू होई. पुढें १९७२ च्या दुष्काळांत परदेशची तांबडी मिलो ज्वारी रेशनवर आली. ती कोणासहि आवडत नसे. घरांत सवयीचें धान्य थोडें असेल तर त्याची भाकरी कोणाच्या पानांत जाई आणि मिलोची कोणाच्या, हें त्या काळच्या आजीबाई अजून सांगूं शकतात.

ही जुनी कहाणी झाली असें कोणी म्हणेल. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत लोहयुक्त द्रव्य कमी आढळलें. पंडुरोगाचीं कारणें अनेक आहेत, आणि तो सर्व दोष जेवणाच्या क्रमावर ढकलणें शास्त्रास धरून होणार नाहीं. तथापि पालेभाजी, कडधान्यें, गूळ, दूध यांचा पुरेसा वांटा तिच्या पानांत पडतो कीं नाहीं, हें पाहण्यास डॉक्टर लागत नाहीं. पंगतीच्या शेवटीं कोण बसतें हें पाहिलें तरी पुरे.

याच संदर्भांत वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण होते. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, असे सात वार सात घरीं जेवून पुण्यासारख्या गांवांत किती मुलें शिकलीं त्यास गणती नाहीं. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें, त्यांतील मुलेंहि आरंभीं माधुकरीवर राहिलीं. कांहीं घरीं या मुलांस आपुलकीनें वाढीत, कांहीं घरीं उपकाराची जाणीव घांसागणिक करून दिली जाई. मोठेपणीं हे लोक हुद्द्यावर चढले, तरी घरधन्याचें नांव विसरत. वाढणाऱ्या काकूंनीं न मागतां घातलेली तुपाची धार विसरत नसत. भुकेल्यास देणारा हात बरोबर दिसतो. रोज पोटभर जेवणाऱ्यास तो दिसावा, यासाठीं कांहीं व्यवस्था करावी लागते.

अशी व्यवस्था करणारीं घरें आतां दिसूं लागलीं आहेत. सर्वांनीं एकाच वेळीं बसावें, हें बोलावयास सोपें; आड येते ती गरम पोळी. तव्यावरून थेट पानांत पोळी पडावी अशी अपेक्षा जोंवर आहे, तोंवर एक तरी बाई उभी राहणारच. आमच्या मतें आमच्या घरांतील सर्वांत महागडी चैन ही आहे, आणि ती सोडावयास दमडीहि लागत नाहीं. पोळ्या अगोदर करून फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवल्या तर त्या मऊ राहतात. आणि थोड्या निवल्या तरी त्यांतील सत्त्व कमी होत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत अकरा माणसें आहेत. तेथें ऐंशी वर्षांच्या सासूबाईंनीं स्वतः हा पालट घडवून आणला. आपल्या वेळीं कोणी केलें नाहीं म्हणून आपणहि करावयाचें नाहीं, हा न्याय त्यांनीं मानला नाहीं. आतां त्या घरीं रात्रीं अकरा पानें एकदम मांडलीं जातात, वाढप पाळीनें होतें आणि उरलेलें सर्वांना सारखें वांटलें जातें. बेरीचीहि पाळी ठरली आहे. दर पंधरवड्यास तूप कढतें, आणि ज्याची बेरी खाण्याची पाळी त्यानेंच तें कढवावयाचें असा नियम आहे. मामंजींची पाळी आली तेव्हां त्यांनीं चुलीजवळ खुर्ची मांडून घेतली, वर्तमानपत्र हातीं घेतलें आणि तडतड थांबण्याची वाट पाहूं लागले. थांबली ती त्यांना ऐकूं आली नाहीं, कारण त्यांनीं कानांतलें यंत्र काढून ठेवलें होतें. वासावरून धाकटी सून धांवत आली, तों तूप तांबूस आणि बेरी काळीकुट्ट झालेली. नियमाप्रमाणें ती त्यांनींच गूळ घालून खाल्ली, आणि पुढच्या पाळीस वर्तमानपत्र न आणण्याचें कबूल केलें.