ऑल अमेरिकन फाइव्ह

ऑल अमेरिकन फाइव्ह हे अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंत तयार झालेल्या, पाच व्हॉल्व्हच्या (निर्वात नलिकांच्या) स्वस्त घरगुती रेडिओसंचांचे प्रचलित नाव आहे. हे कोणा एका कंपनीचे उत्पादन नव्हते. आरसीए, झेनिथ, फिल्को, एमर्सन आदी अनेक उत्पादकांनी थोड्याफार फरकाने वापरलेली ती एक समान मंडलरचना होती. या रचनेतून ट्रान्सफॉर्मर वगळल्यामुळे संच स्वस्त झाले. मात्र त्याच कारणामुळे ते हाताळताना विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हमधील तापकांना साधारणपणे कमी दाबाची वीज लागते. ती मिळविण्यासाठी बसविलेला ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असे. शिवाय त्या काळी अमेरिकेतील काही शहरी भागांत एकदिश प्रवाहाचा (डीसी) पुरवठा होता व त्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून सर्व तापक एकसर जोडणीत जोडून संच थेट विजेवर चालविण्याची पद्धत पुढे आली. आरंभीच्या संचांत तापकांच्या दाबांची बेरीज पुरवठ्यापेक्षा बरीच कमी भरे. उरलेला दाब रोधात, कित्येकदा विजेच्या दोरीतच बसविलेल्या रोधतारेत खर्ची पडे व दोरी तापत असे.

रचना

पुढे १५० मिलिअँपिअर प्रवाहावर चालणारे, अधिक दाबाचे तापक असलेले व्हॉल्व्ह आले आणि वेगळ्या रोधाची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नमुनेदार संचात पुढील व्हॉल्व्ह आढळतात:

१२एसए७ : कंप्रता परिवर्तक
१२एसके७ : मध्यम कंप्रता वर्धक (सामान्यतः ४५५ किलोहर्ट्झ)
१२एसक्यू७ : शोधक व ध्वनिवर्धक
५०एल६ : लाउडस्पीकर चालविणारा शक्तिवर्धक
३५झेड५ : दिष्टकारी

नावाच्या आरंभीचा आकडा तापकाचा स्थूल दाब दर्शवितो. पहिल्या तिन्हींचे प्रत्येकी १२.६ व्होल्ट, शिवाय ५० आणि ३५ व्होल्ट धरता बेरीज सुमारे १२३ व्होल्ट होते. म्हणजे जवळजवळ अमेरिकेतील घरगुती पुरवठ्याइतकीच. एकसर जोडणीमुळे एका व्हॉल्व्हचा तापक तुटला, की पाचही विझतात. युद्धोत्तर काळात १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ या लहान आकाराच्या व्हॉल्व्हनी त्यांची जागा घेतली.

काळनिश्चिती

स्वस्त संचांवर उत्पादनाचे वर्ष क्वचितच छापलेले असते. त्यामुळे अभ्यासकांना अंतर्गत खुणांवर विसंबावे लागते. अमेरिकेत १९४२ मध्ये नागरी रेडिओंचे उत्पादन थांबविण्यात आले व ते युद्ध संपताना पुन्हा सुरू झाले, म्हणून या दरम्यानचे घरगुती संच सहसा मिळत नाहीत. तबकडीवर ६४० आणि १२४० किलोहर्ट्झपाशी त्रिकोणी खुणा असल्यास संच १९५३ ते १९६३ या काळातील समजावा. त्या नागरी संरक्षणाच्या कॉनेलरॅड योजनेच्या खुणा होत. लाउडस्पीकरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे दोन अंक बहुधा उत्पादनाचा आठवडा आणि त्यांच्या आधीचा एक किंवा दोन अंक वर्ष दर्शवितात. मात्र लाउडस्पीकर नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

नाममुद्रेवरून निर्माता ओळखता येतोच असे नाही. सिअर्सचे ‘सिल्व्हरटोन’ आणि माँटगोमेरी वॉर्डचे ‘एअरलाइन’ हे संच इतर कारखान्यांत तयार होत. अशा वेळी राइडर यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतील आणि १९४६ पासून निघालेल्या सॅम्स ‘फोटोफॅक्ट’ संचिकांतील मंडलाकृत्या उपयोगी पडतात.

सुरक्षितता

ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे अनेक संचांत धातूचा सांगाडा विजेच्या एका तारेशी थेट जोडलेला असतो. प्लग उलटा बसल्यास तो सांगाडा जिवंत होतो. बेकेलाइट, प्लॅस्टिक किंवा लाकडाची पेटी, मागचा पुठ्ठा आणि फिरकीची बटणे एवढाच आडोसा असतो. बटण निखळून उघडा पडलेला दांडा म्हणूनच प्राणघातक ठरू शकतो. पुढील काळातील काही संचांत सांगाडा धारित्रामार्फत वेगळा ठेवलेला असतो, पण जुने धारित्र खराब झालेले असल्यास हे संरक्षणही उरत नाही.

भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हे संच थेट जोडल्यास तापक जळतात. दाब कमी करणारे ऑटोट्रान्सफॉर्मर वापरल्यास दाब योग्य होतो, तथापि विजेपासूनचा विलगपणा मिळत नाही. त्यासाठी दोन स्वतंत्र वेटोळी असलेला, योग्य दाब देणारा विलगक ट्रान्सफॉर्मरच आवश्यक असतो.

ऱ्हास

१९५४ मध्ये रिजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ ४९.९५ डॉलरना बाजारात आला. ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले तसे १९६० च्या दशकात पाच व्हॉल्व्हचे संच मागे पडले.