अगुल्हास प्रवाह माघारी का वळतो?

नवी दिल्ली : हिंदी महासागरातील सर्वांत शक्तिशाली प्रवाहांपैकी एक असलेला अगुल्हास प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नैऋत्येकडे वाहतो. त्यातून दर सेकंदाला सुमारे ७ कोटी घनमीटर पाणी वाहून जाते. खंडाचे दक्षिण टोक ओलांडल्यावर तो सरळ अटलांटिक महासागरात शिरेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात मात्र १६ ते २० अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान तो जवळजवळ उलटा फिरतो आणि त्यातील बहुतांश पाणी पूर्वेला, हिंदी महासागराकडेच परत जाते. समुद्रविज्ञानात या घटनेला ‘रेट्रोफ्लेक्शन’, म्हणजेच प्रवाहाचे माघारी वळणे, असे म्हणतात. यात किती पाणी परत फिरते आणि किती निसटते, याचा परिणाम अटलांटिकच्या क्षारतेवर आणि पर्यायाने जगाच्या हवामानावर होतो.

या प्रवाहाच्या अभ्यासाचा भारताशी जुना संबंध आहे. बंगालचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जेम्स रेनेल यांनी १७७७ मध्ये भारतातून इंग्लंडला परतताना या भागाचे निरीक्षण केले आणि १७७८ मध्ये अगुल्हासच्या उथळ समुद्राचा व तेथील प्रवाहाचा नकाशा प्रसिद्ध केला.

वाऱ्यांचे चक्र मोठे, किनारा तोकडा

या वळणाचे मूळ कारण वाऱ्यांत आहे. दक्षिण हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या बाजूला आग्नेय व्यापारी वारे पाणी पश्चिमेकडे लोटतात, तर दक्षिणेला पश्चिमी वारे ते पूर्वेकडे ढकलतात. या दोन पट्ट्यांच्या मधल्या विस्तीर्ण भागात पाणी अतिशय संथपणे उत्तरेकडे सरकत राहते, हे हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून स्पष्ट होते. उत्तरेला गेलेले पाणी कुठून तरी दक्षिणेला परत यावेच लागते. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अक्षांशानुसार बदलत असल्यामुळे परतीचे हे पाणी महासागराच्या पश्चिम कडेला अरुंद व वेगवान प्रवाहात एकवटते, असे हेन्री स्टॉमेल यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. अगुल्हास हा असाच एक ‘पश्चिम सीमा प्रवाह’ आहे.

पेच पुढे निर्माण होतो. आफ्रिकेचे टोक सुमारे ३५ अंश दक्षिण अक्षांशावर संपते. वाऱ्यांनी चालवलेले चक्र मात्र पश्चिमी वाऱ्यांचा जोर सर्वाधिक असलेल्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे ४० अंशांच्याही बरेच पलीकडे, पसरलेले असते. त्यामुळे किनाऱ्याचा आधार सुटल्यानंतरही प्रवाहाला दक्षिणेकडे जावे लागते आणि चक्र पूर्ण करण्यासाठी पूर्वेकडील पाण्याला पुरवठाही करावा लागतो. आधाराला भिंत नाही आणि पाण्याची ‘मागणी’ पूर्वेला आहे, अशा स्थितीत प्रवाह त्याच दिशेने वळतो.

परिवलनाची या वळणाला साथ मिळते. दक्षिण गोलार्धात ध्रुवाकडे जाणाऱ्या पाण्यात घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरण्याची प्रवृत्ती वाढते. अगुल्हासचा वेग काही ठिकाणी सेकंदाला २ मीटरपर्यंत असतो. या वेगाच्या भरात तो खंडाचे टोक मागे टाकून दक्षिणेकडे जातो आणि जितका पुढे जातो, तितका डावीकडे म्हणजे पूर्वेला वळत जातो. वळल्यानंतरही तो सरळ न वाहता नागमोडी वळणे घेत पूर्वेकडे जातो.

निसटणारे पाणी

हे वळण पूर्ण बंदिस्त नसते. त्याचा फुगवटा हळूहळू पश्चिमेकडे वाढत जातो. एका टप्प्यावर परतीचा प्रवाह मूळ प्रवाहाला जाऊन भिडतो आणि मधला फास तुटून वेगळा होतो. अशा प्रकारे २०० ते ३०० किलोमीटर व्यासाची, उबदार व खाऱ्या पाण्याची प्रचंड वलये तयार होतात. वर्षाकाठी साधारण चार ते सहा वलये सुटून वायव्येकडे, अटलांटिकमध्ये, वाहत जातात. त्यांचा पृष्ठभाग आसपासच्या समुद्रापेक्षा किंचित उंच असल्यामुळे समुद्रपातळी मोजणाऱ्या उपग्रहांना त्यांचा माग काढता येतो. २०१३ मध्ये इस्रोने प्रक्षेपित केलेला भारत व फ्रान्सचा ‘सरल’ हा अशाच मोजमापासाठी पाठवलेला उपग्रह होता.

प्रवाह माघारी वळण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. मात्र तेथे किनारा संपत नाही. विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात येणारा उत्तर ब्राझील प्रवाह ६ ते ८ अंश उत्तर अक्षांशांच्या सुमारास पूर्वेला वळतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा प्रवाहही किनारा सोडून वळतो आणि अरबी समुद्राच्या पश्चिम भागात ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा महाकाय भोवरा तयार होतो. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना परस्परविरुद्ध असल्याने, ते ओलांडून आलेल्या पाण्याला नव्या गोलार्धात फार दूरवर किनारा धरून राहणे कठीण जाते.

दार किती उघडे?

अगुल्हासमधून निसटणारे मीठ अटलांटिकच्या उत्तर-दक्षिण अभिसरणाला बळ देते, कारण खारे पाणी थंड झाल्यावर अधिक जड होऊन खोलवर बुडते. समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्मजीवांची कवचे सांगतात, की हिमयुगांत ही गळती कमी होती आणि हिमयुगे संपताना ती वाढली. गेल्या काही दशकांत ओझोनचा ऱ्हास आणि हरितगृह वायूंमुळे पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला आहे. आफ्रिकेचे टोक आणि हा पट्टा यांतील अंतर वाढले, तर अधिक पाणी अटलांटिकमध्ये जाईल, असे संगणकीय प्रारूपांवरून दिसते. उत्तर अटलांटिकमध्ये वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी तेथील अभिसरण मंदावू शकते. दक्षिणेकडून येणारे खारे पाणी त्याची काही अंशी भरपाई करू शकेल का, या प्रश्नामुळे आफ्रिकेच्या टोकाशी घडणाऱ्या या वळणाकडे हवामानशास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे.