इथरनेट रिंग: कोणता पोर्ट बंद, आणि किती वेळ थांबायचं?

इथरनेट फ्रेमला टीटीएल नसतो, म्हणजे लूप झाला की ती फिरतच राहणार. मग रिंग करायची कशी? जी.८०३२ मध्ये एक लिंक मुद्दाम अडवून ठेवतात, ती आरपीएल. तिच्या एका टोकाचा पोर्ट ओनर, समोरचा नेबर, बाकीचे साधे. केबल तुटली की तिथले दोन नोड आपापले पोर्ट बंद करून 'सिग्नल फेल' कळवतात आणि ओनर आपला पोर्ट उघडतो. अपेक्षा ५० मिलिसेकंदांची.

जोडताना मात्र घाई नाही. ओनरवर डब्ल्यूटीआर टायमर लागतो, नेहमीचा ५ मिनिटांचा. का? अहो, केबल जोडणारा माणूस अजून खड्ड्यातच असतो! लिंक चार वेळा येईल, जाईल.

गार्ड टायमर वेगळा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तो दुरुस्त लिंकच्या दोन्ही टोकांच्या नोडवर चालतो, बहुधा ५०० मिलिसेकंद. रिंगमध्ये अजून फिरत असलेला जुना 'फेल' संदेश खरा मानून नोडने भलताच पोर्ट उघडला, तर लूप तयार. म्हणून तेवढा वेळ कान बंद. संदेशाला पूर्ण फेरी मारायला लागतो त्याहून हा वेळ जास्तच हवा.

होल्ड-ऑफ? खालच्या थरात दुसरं संरक्षण असेल तरच. नाहीतर शून्य ठेवा.