उपनगरांच्या डोक्यावरची हद्द

मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झावाल्यानं लोअर परळहून वरळीच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोननं पिझ्झा पोचवला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, कौतुक झालं आणि पाठोपाठ पोलिसांनी परवानगीची चौकशी सुरू केली. त्या वेळी ड्रोनसाठी धड नियमच नव्हते. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, नियम तयार होईपर्यंत खासगी ड्रोनवर बंदीच घातली.

ती कोंडी सुटली डिसेंबर २०१८ मध्ये, आणि खऱ्या अर्थानं मोकळीक मिळाली ती ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी. २५ अर्जांचे ५ झाले, ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४ उरले. देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा आणि लाल असा नकाशा 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर आला. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची.

विदर्भातल्या शेतावर फवारणी करणाऱ्याला हा मोठाच दिलासा होता. अंधेरीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातलं फारसं काही आलं नाही. कारण रंग ठरतो तो विमानतळाच्या कुंपणापासूनच्या अंतरावर. पहिले ५ किलोमीटर लाल. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. अंधेरी, पार्ले, कुर्ला, घाटकोपर ही स्टेशनं पहिल्याच कड्यात येतात. भांडुप ८ किलोमीटरच्या आसपास आहे. कांदिवली आणि मुलुंड १२ किलोमीटरच्या काठावर येतात, म्हणजे तिथं एका सोसायटीचा नियम पुढच्या सोसायटीला लागू होईलच असं नाही. बोरिवली या कड्यांच्या बाहेर आहे, पण तिच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि चित्रीकरणासाठी वन विभागाकडे जावं लागतं.

एवढी कडक हद्द कशासाठी, हे घाटकोपरकरांना वेगळं सांगायला नको. मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं त्यांच्याच डोक्यावरून जातात. विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून ३ किलोमीटरवर ते सुमारे साडेपाचशे फुटांवर असतं. तिथं ४०० फुटांवर ड्रोन असला, तर दोघांमध्ये उरतात जेमतेम दीडशे फूट. शिवाय पश्चिमेला १९२८ पासूनचा जुहू विमानतळ आहे. तिथली हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींकडे ये-जा करतात, आणि तीही कमी उंचीवरून. उपनगरांवरचं आकाश खालून रिकामं दिसतं, पण त्याचे खालचे थरही वापरात आहेत.

व्हिडिओवाल्यांमध्ये एक समज पक्का असतो: ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असला की झालं. एवढ्या हलक्या, म्हणजे 'नॅनो' ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे हे खरं. लाल-पिवळ्या हद्दीतून मात्र नाही. २५० ग्रॅम ते २ किलोच्या 'मायक्रो' ड्रोनला प्रमाणपत्राची सूट आहे ती फक्त हौसेपुरती. लग्नाचं किंवा पुनर्विकासाच्या जाहिरातीचं काम पैसे घेऊन केलं की तो व्यवसाय झाला. मग प्रमाणपत्र हवं, ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवा आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमाही हवा. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशावर हिरवं दिसलं तरी काम संपत नाही. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणावरून ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावाच्या काळात असाच आदेश लागला होता. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. म्हणून गेल्या महिन्यात चाललेलं शूटिंग या महिन्यात चालेलच असं नाही. नकाशाही बदलतो, तो उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावा लागतो.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं किंवा वधूपित्यानं 'ड्रोन शॉट'चे पैसे मोजण्याआधी तीन कागद मागावेत: नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र, आणि त्या पत्त्यासाठी, त्या तारखेची परवानगी. पहिले दोन एकदा काढले की पुढेही चालतात, तिसरा दर वेळी नव्यानं लागतो. घाटकोपरसारख्या ठिकाणी त्या तिसऱ्या कागदासाठी दिल्ली गाठावी लागते, आणि एका संध्याकाळच्या कार्यासाठी तो मुहूर्ताआधी हातात पडेल यावर कुणी विसंबू नये. अशा वेळी समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर, तिथल्या सोसायटीला विचारून, चांगला कॅमेरामन उभा करणं जास्त शहाणपणाचं. २०१४ साली कुणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. आज ते नेमकं ठाऊक आहे, आणि उपनगरांत बहुतेक ठिकाणी विचारल्यावाचून गत्यंतर नाही.