मोजणाऱ्या हातांचे शहर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरे शोधावी लागत नाहीत, जिथे कोणी ना कोणी लेथवर, टूलरूममध्ये किंवा क्वालिटीत काम करते. काही मायक्रॉनांच्या फरकाने जॉब रिजेक्ट होतो, हे इथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडते. पण पवनेच्या पाण्यात प्राणवायू किती, असे त्याच घरात विचारले तर उत्तर मिळत नाही. मोजण्याचे हे कसब कारखान्याच्या गेटबाहेर आणून नदीला आणि आभाळाला लावायचे, तर त्यासाठी शहरात एक जागा आहे: चिंचवडचे सायन्स पार्क.

या शहराचे विज्ञानाशी नाते गाड्यांपेक्षा जुने आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तिथल्या संशोधकांनी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याला पिंपरीचेच नाव दिले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. दुसरीकडे, हाताने करून पाहायच्या विज्ञान संग्रहालयांची परंपरा महाराष्ट्रात वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रापासून रुजली. तिथले मुलांचे विज्ञान उद्यान १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, सुरू झाले आणि पूर्ण केंद्र १९८५ मध्ये. ते उभारणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या साहाय्याने महापालिकेने २०१३ मध्ये ऑटो क्लस्टरजवळ सायन्स पार्क खुले केले. मोटारगाडी, ऊर्जा, हवामानबदल असे विषय तिथे मांडले आहेत. आता आवारात तारांगणही आहे.

गिअरच्या मॉडेलसमोर उभी असलेली कुटुंबे पाहावीत. प्लांटमध्ये रोज गिअरबॉक्स जोडणारा बाप लहान चाक जास्त फेरे का घेते हे लेकीला समजावतो, तेव्हा त्याच्या कामाला घरात नवी प्रतिष्ठा मिळते. कौटुंबिक विज्ञान उपक्रमांचे खरे भांडवल हेच आहे. इथले पालक प्रेक्षक नाहीत, जाणकार आहेत.

शून्य सावलीचा दिवस घ्या. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य शहराच्या नेमका डोक्यावर येतो. जुलैत ढग आड येतात, म्हणून मे महिनाच खरा. सपाट जागेवर गोल दांडा उभा करायचा. तो काटकोनात आहे की नाही, हे आईवडिलांनी गुण्या लावून तपासायचे आणि मुलांनी दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपायचे. सावली नाहीशी होते ती बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. घड्याळातली वेळ देशाच्या मध्यातल्या रेखावृत्ताची असते, आपण बरेच पश्चिमेला आहोत, हे पुस्तकातले वाक्य मुलांच्या डोळ्यांसमोर घडते.

नदीसाठीही असाच, पण अस्वस्थ करणारा प्रयोग आहे. काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे. जाणत्या शिक्षकाने हातमोजे घालून त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढे टायट्रेशन केले की आकडा हाती येतो. स्वच्छ पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे नदीत स्नान करायचे तर किमान ५ हवा. आळंदीला इंद्रायणीत स्नान करणाऱ्या वारकऱ्यासाठी हा आकडा श्रद्धेइतकाच जिव्हाळ्याचा आहे.

उन्हाळ्यात पवनेवर पसरणाऱ्या जलपर्णीचे मूळही याच बाटलीतून उलगडता येते. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर ती पोसते, पाण्याचा उजेड अडवते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. जलपर्णी दरवर्षी काढावी लागते, कारण तिचे खत दररोज नदीत येते. सहावीतल्या मुलाने हे एकदा स्वतः मोजले, की सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडायला हवे, हे त्याला कोणी घोषणेतून सांगावे लागत नाही.

एका दिवसाच्या प्रदर्शनाने मात्र हे साधणार नाही. दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, रावेत, चिंचवड आणि दापोडीचे पाणी मुलांनी पालकांसोबत तपासावे आणि आकडे सायन्स पार्कच्या भिंतीवर तारखेनिशी लिहावेत. जुने आकडे पुसू नयेत. पाच-दहा वर्षांची अशी ओळ उभी राहिली, तर महापालिकेला, कारखान्यांना आणि नागरिकांनाही त्याच आकड्यांवरून बोलावे लागेल. यंत्राच्या सुट्या भागात चूक खपवून न घेणाऱ्या शहराने नदीबाबतही तोच कसोशीचा हिशेब मागायला हवा.