पेटी शिकूया, आपल्या पट्टीत गाऊया



बचत गटांच्या बैठकांना गावोगावी जाताना आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. बायकांची भजनी मंडळं भरपूर आहेत. टाळ बायकांच्या हातात, गाणं बायकांचं. पेटीवर मात्र बहुतेक ठिकाणी गावातले एखादे दादा नाहीतर काका. ते शेतात अडकले की एकादशीचं भजन नुसत्या टाळांवर. आणि ते आले, तरी पट्टी त्यांच्या गळ्याची. पुरुषांना काळी एक, काळी दोन सोयीची पडते. त्या पट्टीत वर जाताना आपला गळा ताणतो आणि खाली यावं तर आवाजच उमटत नाही. मग "आता माझा आवाज राहिला नाही" म्हणत कितीतरी जणी मागं सरकतात. खरं तर आवाज चांगला असतो, पट्टी चुकलेली असते. म्हणून आज पेटी शिकण्याविषयी बोलूया.

आधी पेटीकडे नीट बघा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटातल्या काळी एक आणि काळी दोन. तीनच्या गटातल्या काळी तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडे पांढरी एक. तिथून उजवीकडे सात पांढऱ्या मोजायच्या.

ज्या पट्टीवर आपण सा धरतो, ती आपली पट्टी. पुष्कळ बायकांना काळी चार किंवा काळी पाच मानवते. तिथं सा लावून बघा. खालच्या पंचमापर्यंत आणि वरच्या गंधारापर्यंत न ताणता जाता आलं, तर ती पट्टी तुमची.

समजा काळी चार ठरली. मग सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच आणि वरचा सा पुन्हा काळी चार. बोटं तीनच वापरा. सा तर्जनीनं, रे मधल्या बोटानं, ग अंगठ्यानं. म, प, ध तसेच पुढं तर्जनी, मधलं, अंगठा. नी तर्जनीनं आणि वरचा सा मधल्या बोटानं. अंगठा काळ्या पट्टीवर नेऊ नका, हात अवघडतो. डाव्या हातानं भाता सावकाश भरा. प्रत्येक सुराला भाता मारला की आवाज धापा टाकल्यासारखा येतो.

आता रियाज. "आम्हाला तासभर कुठून मिळणार?" हा प्रश्न दर बैठकीत येतो. तास नकोच. रोजची पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडं बसलेलं बोटांच्या जास्त लक्षात राहतं. पहिली पाच मिनिटं सा धरून गळा आणि पेटी एक करा. पुढची पाच सरळ सरगम, अगदी संथ. शेवटची पाच मिनिटं आवडत्या अभंगासाठी. शिकायला अभंग तोंडपाठ असलेलाच घ्या. चाल डोक्यात असली की बोटांना वाट सापडते.

पूर्ण अभंग एकदम वाजवू नका. एक ओळ घ्या, तिचेही दोन तुकडे करा. जिथं बोट अडखळतं, तेवढेच दोन-तीन सूर दहा वेळा वाजवा. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली, तर सोपा भाग पक्का होतो आणि अवघड तसाच राहतो. वेग शेवटी वाढवायचा. आधी हातानं आठ मात्रांची टाळी देत ओळ म्हणा, मगच पेटीला हात लावा.

पेटी समोर नसली तरी रियाज होतो. भाकरी थापताना सरगम म्हणा, खुरपताना ओळीचे सूर मनात लावा. कंटाळा आला तर त्या दिवशी नुसती आवडती ओळ वाजवून उठा. रडत केलेला रियाज टिकत नाही.

गटात एक पेटी पुरते. आठवड्याला एकीच्या घरी, अशी पाळी वहीत लिहून ठेवा. जुनी घेणार असाल, तर भाता भरून सोडा. एकही पट्टी न दाबता तो लगेच बसला, तर हवा गळते. मग एकेक पट्टी दाबून ऐका. कुठली मुकी आहे, कुठली सोडल्यावरही वाजत राहते, ते बघा. घरी आणल्यावर पाटावर, झाकून ठेवा. ओल आणि उंदीर हे पेटीचे दोन शत्रू.

शिकवायला गावातले पेटीवाले काकाच बोलवा. पुष्कळदा ते आनंदानं येतात. फक्त पहिल्याच दिवशी सांगा, "काका, आम्हाला आमच्या पट्टीत शिकवा."

पेटीचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. तिचे सूर ठरलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. याच कारणानं १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. आज आपण रेडिओवरच पेटीचं कौतुक करतो आहोत! तर मींड आपल्या गळ्यातून घ्यायची, पेटीनं नुसता आधार द्यायचा.

आणि एक. चांगलं येईपर्यंत थांबू नका. एक अभंग बसला की येत्या एकादशीला तोच वाजवा. सूर चुकला तर हात थांबवू नका. ताल चालू राहिला की बाकीच्या जणी सांभाळून नेतात. मंडळ त्यासाठीच असतं.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हा विषय काढा. कोणाला शिकायचंय, नावं लिहून घ्या आणि प्रत्येकीची पट्टी शोधून नावापुढं लिहा. तेवढ्यानंच किती जणींचा गळा मोकळा होतो, बघा.