वृत्राचा ग्लोरांथातला भाऊ

१९९९ साली संगणकावरच्या युद्धनीतीच्या खेळांत ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाची चलती होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘ए शार्प’ या लहानशा कंपनीने ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा खेळ आणला. त्यात पडद्यावर सैन्य धावत नव्हते. हाताने रंगवलेली स्थिर चित्रे, त्यासोबत काही ओळींचा मजकूर आणि निवडायला चार-पाच पर्याय, एवढेच. खेळ फारसा खपला नाही. ज्यांना वाचायची सवय आहे अशांसाठीच तो होता. त्यांच्यापर्यंत मात्र तो पोचला नाही.

ही भूमी ग्लोरांथा. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६पासून या काल्पनिक जगाची पुराणे लिहायला सुरुवात केली आणि १९७५मध्ये ते एका पटावरच्या खेळातून प्रथम लोकांसमोर आले. डेव्हिड डनहॅम यांनी त्यावर संगणकाचा खेळ रचला, प्रसंग लिहिले रॉबिन लॉज यांनी.

खेळाचा नायक कोणी एक वीर नाही, एक कुळ आहे. ड्रॅगननी माणसे नाहीशी केलेल्या खिंडीत काही पिढ्यांनी परतलेले. संपत्ती मोजायची ती गाईंत. नवससायास, हुंडा, खुनाची भरपाई, सगळे गाईंत. आणि गाई कमी पडल्या की शेजारच्या कुळाच्या पळवायच्या. (विराटपर्वातले गोग्रहण आणि आपल्या गावोगावचे वीरगळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे परके वाटू नये.) सुरुवातीलाच पूर्वजांविषयी प्रश्न विचारतात : तुमचा जुना वैरी कोण? तुम्ही गुलाम बाळगता का? या उत्तरांचा हिशेब पुढे अनेक वर्षे चालतो.

कुळाचा कारभार सात जणांचे मंडळ पाहते. प्रत्येक जण एका देवाचा भक्त, आणि सल्ला त्या भक्तीच्या रंगाचा. उरॉक्सच्या भक्ताला जिथे तिथे अराजकाची पिशाच्चे दिसतात. युर्मालचा भक्त मुळात खोडसाळ, त्याचे ऐकले तर फजिती ठरलेली, पण काही प्रसंगांत त्याच्यावाचून अडते. कोणता सल्ला खरा हे खेळ कधीच सांगत नाही. माणसे ओळखायची ती त्यांच्या बोलण्यावरून. हे काम कादंबरीच्या वाचकाचे आहे, सेनापतीचे नव्हे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुराणांचा वापर. ओर्लांथ हा वादळाचा देव. अरोका नावाच्या ड्रॅगनने पर्जन्यदेव हेलरला गिळले. ओर्लांथने अरोकाला मारून पाऊस मोकळा केला. पाणी अडवणारा वृत्र आणि वज्रधारी इंद्र आठवल्याशिवाय मराठी वाचक ही कथा वाचूच शकत नाही. खेळात कुळातली एक व्यक्ती विधीने या कथेत शिरते आणि देवाच्या जागी उभी राहते. कथा आधी वाचलेली असली पाहिजे; देवाने काय केले ते आठवून तसे वागायचे. शिवाय तिच्या अंगची कुवत आणि कुळाचे पाठबळही कसोटीला लागते. चुकली तर ती जखमी होऊन परतते, कधी परततच नाही. पुराण पाठ असणे आणि ते निभावणे यांतले अंतर इतके प्रत्यक्ष दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

दोषही आहेत. आपण का हरलो हे पुष्कळदा कळत नाही, आणि नवख्याला पहिली काही वर्षे नुसता गोंधळ वाटतो. धीर सुटतो. मी स्वतः पहिले कुळ उपाशी मारले.

२०११मध्ये हा खेळ आयफोनवर आला आणि त्याला नवे वाचक मिळाले. २०१८मध्ये त्याच जगातला ‘सिक्स एजेस’ निघाला, त्याच वर्षी स्टॅफर्ड वारले. आयफोनच्या आवृत्तीत पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेची सोय होती. सारे काही शब्दांत असल्यामुळे, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसालाही हे कुळ चालवता येते.